आधी काम मोजा, मग माणूस: जड अंगमेहनतीसाठी कामगाराची कार्यक्षमता कशी तपासावी

वैद्यकीय तपासणीच्या कागदावर 'फिट' असा शिक्का पडतो, पण कशासाठी फिट हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. तोच माणूस असेंब्लीच्या टेबलावर आठ तास आरामात काम करेल आणि मे महिन्यात भट्टीजवळ १८ किलोचे कास्टिंग (साच्यात ओतून केलेले धातूचे भाग) उचलताना तिसऱ्या तासाला गळून जाईल. क्षमता ही एकट्या माणसात नसते. ती माणूस आणि काम यांच्यातल्या अंतरात असते, म्हणून दोन्ही बाजू मोजल्याशिवाय निकाल देता येत नाही.

नाशिक परिसरातल्या सातपूर, अंबड, सिन्नर-मुसळगाव, गोंदे या पट्ट्यातल्या फाउंड्री, फोर्जिंग, प्रेस शॉप, पॅकिंग आणि डिस्पॅचमध्ये काम करणाऱ्या एचआर, सेफ्टी ऑफिसर आणि कारखान्याच्या डॉक्टरांसाठी ही पद्धत लिहिली आहे. यातली बहुतेक साधनं स्वस्त आहेत: वजनकाटा, मोजपट्टी, स्प्रिंग बॅलन्स, स्टॉपवॉच, रक्तदाब यंत्र, हाताच्या पकडीचा डायनॅमोमीटर आणि छातीला बांधायचा पल्स पट्टा. महाग पडतो तो वेळ. एका कामाचं मोजमाप आणि त्यावरच्या आठ-दहा जणांची तपासणी नीट करायची तर तीन पूर्ण दिवस धरा.

कामाचं पत्रक

सुपरवायझरच्या केबिनमध्ये बसून 'जड काम' असं लिहू नका. कामाच्या जागी उभं राहा आणि एका पूर्ण पाळीत दर ५ मिनिटांनी एकदा बघा की माणूस त्या क्षणी काय करतोय: उचलतोय, ढकलतोय, वाकलाय, ग्राइंडर धरून उभा आहे, बसलाय की वाट बघतोय. आठ तासांत अशा ९६ नोंदी होतात. त्यांतल्या ३० नोंदींत कंबर वाकलेली दिसली, तर पाळीचा साधारण एक तृतीयांश वेळ माणूस वाकून असतो. हा आकडा कुणाच्या सांगण्यावरून मिळत नाही. सुपरवायझरला तो कमी वाटतो आणि कामगाराला जास्त.

सोबत हे मोजून लिहा: प्रत्येक वस्तूचं खरं वजन (ड्रॉइंगवरचं नव्हे, रायझर आणि रनर, म्हणजे ओतताना चिकटून राहिलेल्या जादा धातूसकट कास्टिंग बरंच जड भरतं), तासाला किती उचली, उचलताना हात जमिनीपासून किती उंचीवर असतात, ठेवताना किती, शरीरापासून वस्तू किती लांब राहते, किती अंगाला पीळ बसतो, किती पावलं चालायचं आणि पकडायला कड आहे की नाही. ट्रॉली असेल तर हँडलला स्प्रिंग बॅलन्स अडकवून दोन आकडे घ्या: हलवायला लागणारा जोर आणि चालू ठेवायला लागणारा जोर. पहिला आकडा नेहमी मोठा असतो. चाकात लोखंडी बर (धातूचा कपचा) अडकलेला असेल किंवा बेअरिंग कोरडं पडलं असेल, तर तो फारच मोठा होतो. अनेकदा माणूस कमजोर आहे अशी तक्रार येते आणि दुरुस्ती चाकाची निघते.

मोजणीचा दिवस निवडताना महिनाअखेरीचा, डिस्पॅचच्या घाईचा आणि दोन माणसं गैरहजर असलेला दिवस घ्या. सरासरी दिवसाला कुणाचं अंग मोडत नाही.

उचलीचं गणित

उचल किती जड आहे हे ठरवायला अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेचं १९९१ चं सुधारित सूत्र वापरतात. सगळं आदर्श असेल तर २३ किलोपासून सुरुवात होते आणि प्रत्येक गैरसोयीसाठी तो आकडा कमी होत जातो:

शिफारस वजन = २३ × (२५ ÷ आडवं अंतर) × (१ − ०.००३ × |उंची − ७५|) × (०.८२ + ४.५ ÷ उभा प्रवास) × (१ − ०.००३२ × पीळ) × वारंवारिता गुणक × पकड गुणक

अंतरं सेंटिमीटरमध्ये आणि पीळ अंशांत. उंची म्हणजे उचल सुरू होताना हातांची जमिनीपासूनची उंची, उभा प्रवास म्हणजे तिथून ठेवायच्या उंचीपर्यंतचा फरक. वारंवारिता आणि पकड यांचे गुणक नायॉशच्या तक्त्यांतून घ्यायचे. आडवं अंतर म्हणजे दोन्ही घोट्यांच्या मधल्या बिंदूपासून हातांपर्यंतचं अंतर. ते २५ पेक्षा कमी भरलं तरी २५ च धरायचं. उभा प्रवास २५ सेंमीपेक्षा कमी असेल तर तो गुणक १ धरायचा.

एक उदाहरण सोडवू. फेटलिंगचा (कास्टिंगवरचा जादा धातू घासून साफ करण्याच्या कामाचा) हेल्पर जमिनीवरच्या बिनमधून, म्हणजे पेटीतून, १८ किलोचं कास्टिंग उचलून बाकावर ठेवतो. आडवं अंतर ४० (बिनची कड मध्ये येते), हातांची उंची ३०, बाक ९० वर म्हणजे प्रवास ६०, पीळ ४५ अंश, मिनिटाला २ उचली, पूर्ण पाळीभर, पकडायला कड नाही. गुणक येतात ०.६२५, ०.८६५, ०.८९५, ०.८५६, ०.६५ आणि ०.९०. सगळ्यांचा गुणाकार २३ ला लावला की ५.६ किलो उरतात. उचलतोय मात्र १८. भागाकार ३.२. हा निर्देशांक १ च्या आत असावा. ३ च्या वर गेला की बहुसंख्य लोकांच्या कमरेला धोका वाढतो, मग तो माणूस कितीही धडधाकट असो.

आता माणूस तोच ठेवा आणि बिन स्टँडवर चढवून उचल ७५ सेंमीवर आणा, बिनची एक बाजू उघडी करा म्हणजे आडवं अंतर ३० होईल, बाक समोर आणा म्हणजे पीळ जाईल. शिफारस वजन ११.२ किलो होतं, निर्देशांक १.६. शिवाय दर दोन तासांनी माणूस बदलला आणि मध्ये निदान ३६ मिनिटं हलकं काम दिलं, तर वारंवारिता गुणक ०.६५ ऐवजी ०.८४ धरता येतो आणि निर्देशांक १.२ वर येतो. एकही माणूस 'अनफिट' न करता ३.२ चं काम १.२ वर आलं. कार्यक्षमता तपासणीचा सगळ्यात मोठा लाभ बहुधा इथेच मिळतो, आणि तो डॉक्टरकडे जायच्या आधी.

हे सूत्र एका हाताच्या उचलीला, बसून केलेल्या उचलीला, निसरड्या जमिनीला आणि आठ तासांपेक्षा लांब कामाला लागू नाही. ते १९ ते २६ अंश तापमान गृहीत धरतं. नाशिकच्या एप्रिलमध्ये दिवसा शेडखाली इतकं थंड क्वचितच असतं, म्हणून निघालेला आकडा उन्हाळ्यात वरची मर्यादा समजा, त्याहून सैल धरू नका.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा आहे. हा आकडा कमाल वजनाचा आहे, दिवसभराच्या उचलीचा नाही. '५५ पर्यंत चालतं' असं म्हणून ५० किलोच्या गोण्या पाळीभर उचलायला लावणं हा त्या आकड्याचा चुकीचा वापर आहे.

उष्णता

भट्टी, हीट ट्रीटमेंट आणि फोर्जिंगजवळ नुसता थर्मामीटर पुरत नाही. डब्ल्यूबीजीटी हवा: हवेची उष्णता, ओलावा आणि भट्टीची धग एकत्र धरणारा आकडा. शेडखाली तो असा काढतात: ०.७ × नैसर्गिक ओला बल्ब (ओल्या कापडातला थर्मामीटर) + ०.३ × काळा गोळा (काळ्या गोळ्यातला थर्मामीटर). उन्हात ०.७ × ओला बल्ब + ०.२ × काळा गोळा + ०.१ × कोरडा बल्ब. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेच्या मर्यादांप्रमाणे उष्णतेला सरावलेल्या माणसाने मध्यम काम जवळपास सलग करायचं तर २८ अंशांच्या आत असावं. न सरावलेल्यासाठी तीच रेषा २५. हे आकडे साध्या सुती कपड्यांसाठी आहेत, चामडी अ‍ॅप्रन चढवला की त्याहून खाली यावं लागतं.

नाशिककरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जूनच्या पहिल्या सरींनंतर पारा उतरतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं, पण हवेतला ओलावा वाढल्याने ओला बल्ब वर राहतो. घाम वाळत नाही. त्या दिवसांत डब्ल्यूबीजीटी मोजल्याशिवाय 'आता गारवा आला' म्हणून पाण्याच्या सुट्ट्या बंद करू नका.

सराव जातो तोही लवकर. लग्नसराई किंवा द्राक्षांच्या हंगामात पंधरा दिवस गावी जाऊन आलेला जुना कामगार पहिल्या दिवशी अर्धं काम, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण असा चढवावा. अगदी नवा माणूस पहिल्या दिवशी २० टक्के आणि मग रोज २० टक्के वाढ. पाणी दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, तहान लागण्याची वाट न बघता.

विचारायचे सात प्रश्न

माणसाकडे वळल्यावर सुरुवात प्रश्नांपासून करा. फिनलंडच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत १९८० च्या दशकात तयार झालेला कार्यक्षमता निर्देशांक, म्हणजे डब्ल्यूएआय, आजही सर्वांत उपयोगी पडतो. सात घटक, एकूण गुण ७ ते ४९.

पहिला: काम करण्याची आयुष्यातली सगळ्यात चांगली ताकद १० धरली तर आज किती? (० ते १०)

दुसरा: कामाच्या शारीरिक मागणीला आणि मानसिक मागणीला आज किती पुरे पडता? दोन्हीला १ ते ५ गुण. अंगमेहनतीच्या कामात शारीरिक गुण दीडपट आणि मानसिक अर्धे करून बेरीज. हा बदल बरेच जण विसरतात आणि जड कामाचे आकडे फसवे चांगले दिसतात.

तिसरा: डॉक्टरने सांगितलेले आजार किती. एकही नसेल तर ७ गुण, एक ५, दोन ४, तीन ३, चार २, पाच किंवा जास्त १.

चौथा: त्या आजारांमुळे कामात अडथळा. काहीच नाही ६. काम होतं पण त्रास होतो ५. कधी कधी वेग कमी करावा लागतो ४. वारंवार करावा लागतो ३. अर्धवेळच जमेल असं वाटतं २. अजिबात जमत नाही १.

पाचवा: मागच्या १२ महिन्यांत आजारामुळे किती पूर्ण दिवस कामावर येता आलं नाही. एकही नाही ५. ९ पर्यंत ४. १० ते २४ असतील तर ३. २५ ते ९९ असतील तर २. १०० किंवा जास्त १.

सहावा: तब्येतीचा विचार करता दोन वर्षांनी हेच काम करू शकाल? जवळपास खात्री ७, सांगता येत नाही ४, कठीण १.

सातवा: रोजच्या कामात आनंद, उत्साह आणि पुढच्या दिवसांबद्दल आशा, तीन उपप्रश्नांना प्रत्येकी ० ते ४. बेरीज ० ते ३ असेल तर १ गुण, ४ ते ६ ला २, ७ ते ९ ला ३, १० ते १२ ला ४.

२७ पर्यंत कमकुवत, २८ ते ३६ मध्यम, ३७ ते ४३ चांगली, ४४ पासून उत्तम. समजा ४१ वर्षांचा फेटलर आहे: पहिल्याला ७, शारीरिक ३, मानसिक ४ म्हणजे ४.५ + २ = ६.५, कंबरदुखी आणि रक्तदाब असे दोन आजार, ४, कधी कधी वेग कमी करावा लागतो, ४, बारा दिवस घरी, ३, दोन वर्षांचं सांगता येत नाही, ४, सातव्याची बेरीज ८, म्हणजे ३. एकूण ३१.५, मध्यम. या माणसाला काढायचं नाही, आत्ताच काहीतरी बदलायचं आहे. सहाव्या प्रश्नाचं 'सांगता येत नाही' हे उत्तर तर स्वतंत्रपणे बोलून समजून घेण्यासारखं आहे.

प्रश्नावली खराब होण्याची कारणं ठरलेली आहेत. कंत्राट नूतनीकरणाच्या महिन्यात घेतली की सगळेच ४५ च्या वर. ठेकेदाराचा मुकादम शेजारी उभा असला की आजार शून्य. पाचव्या प्रश्नाचं उत्तर मस्टरवरून भरलं की ठेकेदारी कामगारांचे बिनपगारी खाडे 'आजार' म्हणून दिसतच नाहीत. म्हणून 'अंगात त्राण नव्हतं म्हणून किती दिवस घरी राहिलात' असं साध्या शब्दांत विचारा. वाचता न येणाऱ्याला प्रश्न डॉक्टर किंवा परिचारिकेने बंद खोलीत वाचून दाखवावा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या कामगारांशी त्यांची बोली येणारं कुणी असेल तर फार फरक पडतो.

एक प्रश्न या सातांत नाही, तरी जोडून घ्या: पाळीबाहेर काय काम करता? दिंडोरी-सिन्नरकडून दुचाकीवर येणाऱ्या अनेकांची शेती असते आणि शेतीच्या विजेची पाळी अनेकदा रात्रीची असते. रात्री पंपावर उभं राहून सकाळी सातला फेटलिंगला आलेला माणूस कमजोर नसतो, झोपेविना असतो. औषध वेगळं आहे.

शरीराची तपासणी

आधी थांबण्याच्या खुणा बघा: छातीत दुखणं, चक्कर, धाप, नुकतं ऑपरेशन, ताप. रक्तदाब १६०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी श्रमाची चाचणी नको, डॉक्टरकडे पाठवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, मशेरी काही नको आणि पाच मिनिटं शांत बसवा. गेटवरून धावत आलेल्याच्या नाडीला विश्रांतीची नाडी म्हणू नका. रात्रपाळी संपल्यावर लगेच कुणाची चाचणी घेऊ नका.

हिमोग्लोबिन जरूर घ्या. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली अ‍ॅनिमिया धरतात आणि त्यात दम खरोखर कमी होतो. बरा होण्यासारखं कारण आहे, म्हणून आधी उपचार, निकाल नंतर. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलही आढळतो. वाहक असलेला माणूस काम करू शकतो, पण अति श्रम, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकत्र आली तर त्याला धोका असतो. ही माहिती डॉक्टरपुरतीच राहिली पाहिजे.

पकड मोजताना माणूस बसलेला, दंड अंगालगत, कोपर ९० अंशांत, हँडल दुसऱ्या खाचेवर. प्रत्येक हाताने तीनदा, मध्ये थोडी विश्रांती, सरासरी घ्या. परदेशी तक्त्याशी तुलना करून कुणाला नापास करू नका. त्याच माणसाचा मागच्या वर्षीचा आकडा आणि दोन हातांतला फरक जास्त बोलका असतो. ग्राइंडर चालवणाऱ्याची पकड वर्षात घसरली, बोटांना मुंग्या येतात, थंडीत बोटं पांढरी पडतात, तर ती कंपनांची इजा असू शकते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हा प्रश्न विचारला की उत्तर लगेच मिळतं; एप्रिलमध्ये लोकांना आठवतही नाही.

दम किती टिकतो हे बघायला स्टेप टेस्ट, म्हणजे पायरी चढ-उताराची चाचणी. क्वीन्स कॉलेज पद्धतीत ४१.३ सेंमी उंचीचा बाक, ३ मिनिटं, पुरुषांना मिनिटाला २४ आणि स्त्रियांना २२ चढ-उतार, मेट्रोनोमच्या (ठेका देणाऱ्या यंत्राच्या) तालावर. थांबल्यावर उभ्या स्थितीतच ५ व्या ते २० व्या सेकंदापर्यंत नाडी मोजून चारने गुणा. पुरुषांसाठी कमाल प्राणवायू वापर = १११.३३ − ०.४२ × नाडी, स्त्रियांसाठी ६५.८१ − ०.१८४७ × नाडी. उत्तर दर किलो वजनाला दर मिनिटाला मिलिलिटर.

६० किलोच्या पुरुषाची नाडी १६० आली तर ४४.१. आठ तास टिकणारं काम याच्या साधारण एक तृतीयांश धरतात: मिनिटाला सुमारे ०.८८ लिटर प्राणवायू, म्हणजे साधारण २९५ वॅट. कामात शरीर किती ऊर्जा खर्चतं हे ठरवणाऱ्या आयएसओ ८९९६ या आंतरराष्ट्रीय मानकात मध्यम काम ३०० वॅटच्या आसपास आणि जड काम ४१५ च्या आसपास आहे. अर्थ सरळ आहे: या माणसाला मध्यम काम दिवसभर जमेल, जड काम विश्रांतीच्या तुकड्यांनीच.

हा अंदाजच आहे. सूत्र कॉलेजच्या तरुण मुलामुलींवरून निघालेलं आहे, बुटक्या माणसाला ४१ सेंमीची पायरी जास्त पडते आणि दुखऱ्या गुडघ्यांवर ती घेऊच नये. सगळ्यात नेहमीची चूक नाडी उशिरा धरण्याची: पहिल्या अर्ध्या मिनिटात ती इतकी उतरते की दमलेला माणूसही तंदुरुस्त दिसतो.

कमरेचा एक्स-रे भरतीसाठी मागवण्याची सवय सोडून द्या. पुढे कंबर दुखेल की नाही हे त्यावरून कळत नाही आणि किरणोत्सर्ग फुकट अंगावर येतो. बीएमआयवरूनही जड कामाचा निकाल देऊ नका.

कामाच्या जागची नाडी

सगळ्या चाचण्यांत एकच निवडायची असेल तर ही निवडा, कारण ती खऱ्या कामाची, खऱ्या उन्हाची आणि खऱ्या माणसाची एकत्र मोजणी करते. छातीचा पट्टा पाळीच्या सुरुवातीला बांधा. मनगटावरचं घड्याळ ग्राइंडरच्या कंपनांत आणि घट्ट मुठीत चुकीचे आकडे देतं.

कमाल नाडी = २०८ − ०.७ × वय. विश्रांतीची नाडी पाळीआधी बसवून घेतलेली. मग:

कामाचा भार = (कामातली सरासरी नाडी − विश्रांतीची) ÷ (कमाल − विश्रांतीची) × १००

४५ वर्षांच्या माणसाची कमाल १७६ धरा, विश्रांतीची ७६, पाळीभराची सरासरी ११२ आली. भार ३६ टक्के. आठ तासांसाठी ३० टक्क्यांच्या आसपास राहावं, म्हणजे या माणसाची सरासरी १०६ च्या आत हवी. सहा ठोके फार वाटत नाहीत, पण रोज आठ तास ते अंगावर येतात. काही मिनिटं सलग नाडी '१८० वजा वय' या रेषेवर राहिली, इथे १३५, तर तिथेच थांबवून सावलीत बसवा.

पट्टा नसेल तर शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्रुहाची जुनी पद्धत चालते. काम थांबवून लगेच बसवा आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात नाडी मोजून दुप्पट करा. पहिली ११० च्या आत आणि तिसरी तिच्यापेक्षा निदान १० ने कमी असेल तर काम झेपतंय. फरक १० पेक्षा कमी आणि तिसरी ९० च्या वर, तर शरीर सावरत नाहीये. पाळीत चार वेळा घ्या: पहिल्या तासानंतर, जेवणाआधी, जेवणानंतर तासाभराने (लगेच घेतली तर पचनामुळे नाडी चढलेली असते) आणि सुटण्याआधी. आकडे पाळीभर चढत गेले तर प्रश्न विश्रांतीच्या वाटपाचा आहे. पहिल्याच तासात चढले तर कामाचा किंवा माणसाच्या तब्येतीचा.

एकाच कामावरच्या पाचांपैकी चौघांची सरासरी मर्यादेबाहेर गेली तर काम बदला. एकाचीच गेली तर त्याच्याकडे बघा. हा फरक न करता डॉक्टरकडे पाठवलेली यादी निरुपयोगी असते.

निकाल कसा लिहावा

चार निकाल पुरतात: या कामासाठी योग्य, अटींसह योग्य, काही काळ अयोग्य, आणखी तपासणी हवी. 'हलकं काम द्या' हे वाक्य कधीही लिहू नका, कारण सुपरवायझरच्या हाती त्यातून काहीच लागत नाही आणि दोन दिवसांत माणूस पुन्हा बिनजवळ उभा असतो. असं लिहा: '१२ किलोच्या वर उचल नको, ७५ सेंमीच्या खालून उचल नको, ओव्हरटाइम नको, ६ आठवडे, फेरतपासणी अमुक तारखेला.' अट कामाच्या पत्रकातल्या मोजमापांतच लिहिलेली असली की जुळवणी आपोआप होते: कुठल्या स्टेशनवर १२ किलोच्या आत आणि ७५ सेंमीच्या वर उचल आहे, ते पत्रक सांगतं.

एचआरकडे फक्त अट जावी, आजाराचं नाव नाही. हे पाळलं नाही तर पुढच्या वर्षी तिसऱ्या प्रश्नाला सगळेच 'एकही आजार नाही' म्हणतील आणि तपासणी तिथेच मरेल.

बदललेल्या कामावर पगार कमी होणार का, हे तपासणीच्या आधीच ठरवून नोटीस बोर्डावर लावा. पीस-रेटवरच्या माणसाला हलक्या स्टेशनवर नेऊन त्याची कमाई घटली तर तो दुखणं लपवेल, आणि त्याचा दोष नाही. ज्यांना विमा लागू आहे त्यांना कर्मचारी राज्य विम्याच्या (ईएसआय) आजारपणाच्या लाभाची माहिती द्या, सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाचे कागद भरायला मदत करा. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता किंवा शिक्षा करता येत नाही, हे १९४८ च्या राज्य विमा कायद्याच्या कलम ७३ मध्ये होतं; नव्या श्रमसंहितेतली आताची तरतूद बघून घ्या.

धोकादायक प्रक्रियेत कामाला लावण्याआधी आणि नंतर निदान १२ महिन्यांतून एकदा वैद्यकीय तपासणी हे कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने आलेलं बंधन होतं. आता नवी श्रमसंहिता आल्याने अर्जांचे नमुने आणि मुदती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून ताज्या करून घ्या. कायद्याची तपासणी आणि वरची कार्यक्षमता तपासणी एकाच आठवड्यात ठेवता येते, पण फाइल वेगळी ठेवा: पहिली निरीक्षकाला दाखवायची असते, दुसरी डॉक्टरच्या कपाटात कुलपात.

फेरतपासणी कधी

कार्यक्षमता निर्देशांक (डब्ल्यूएआय) ३७ किंवा वर असेल तर वर्षाने, २८ ते ३६ असेल तर सहा महिन्यांनी, २७ पर्यंत असेल तर काम बदलून सहा ते आठ आठवड्यांनी. बिन, बाक, लाइनचा वेग किंवा पाळीचे तास बदलले तर कामाचं पत्रक नव्याने. जागेवरची नाडी वर्षातून दोनदा, एकदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारच्या पाळीला आणि एकदा जानेवारीत पहिल्या पाळीला. फक्त जानेवारीत घेतलेली मोजणी भट्टीवरच्या माणसाबद्दल फारसं सांगत नाही. प्रत्येक वेळी कागदावर तारीख, पाळी, डब्ल्यूबीजीटी आणि त्या दिवशी लाइनवर किती माणसं कमी होती, एवढं वरच्या कोपऱ्यात लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करणाऱ्याला माणूस बदलला की दिवस, हे कळेल.